पहिली रेघ, मग नववी

प्रिय मुली,

तुझं पत्र मिळालं. प्रोग्रॅम चालतो, पण तो का चालतो हे कळत नाही, म्हणून तुझा जीव टांगणीला लागलाय. लागू दे. मलाही तिथूनच वाट सापडली.

१९८७ साली मामांनी डीबी स्पेक्ट्रम आणला. ब्रिटनमधल्या सिंक्लेअरच्या स्पेक्ट्रम प्लसची ही भारतात परवान्याने निघालेली आवृत्ती. मेमरी ४८ के (किलोबाइट), पडदा म्हणजे घरातला ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आणि साठवणीला टेपरेकॉर्डर. पी दाबलं की 'प्रिंट' हा अख्खा शब्द उमटायचा. संध्याकाळी टीव्ही घरच्यांना हवा असायचा. मग मी प्रोग्रॅम वहीत लिहायचो आणि ओळीवर बोट ठेवून प्रत्येक व्हेरिएबलची किंमत समासात मांडत जायचो. निम्म्या चुका तिथेच सापडायच्या. तूही हे करून बघ, अगदी दहा ओळींसाठी.

पण खरं शिकवलं 'पोक'ने, म्हणजे मेमरीतल्या हव्या त्या पत्त्यावर थेट आकडा टाकणाऱ्या आज्ञेने. पडद्यावरचे ठिपके १६३८४ ते २२५२७ या पत्त्यांवर साठवलेले असतात; त्यातल्या प्रत्येक पत्त्यावर मी २५५ टाकत गेलो. २५५ म्हणजे बाइटातले आठही बिट (० किंवा १ ची घरं) एक, म्हणून आठ ठिपके काळे. वाटलं, पडदा वरून खाली भरत येईल. पण पहिली रेघ भरली, मग एकदम नववी, मग सतरावी! वरचा एक तृतीयांश भाग असा भरून झाल्यावरच मधला सुरू झाला. दोन दिवस मी चौकटीच्या वहीत पत्ते मांडत बसलो. एक अक्षर आठ रेघा उंच, त्या आठ रेघांचे पत्ते बरोबर २५६च्या अंतराने येतात, त्यामुळे अक्षर काढताना दोन बाइटांच्या पत्त्याचा फक्त वरचा (२५६च्या पटीतला) बाइट एकाने वाढवला की काम होतं. हे उमगलं त्या दुपारी मी जेवायला उठलो नाही.

एक चूक मात्र करू नकोस. तीन आठवडे खपून केलेला खेळ मी टेपवर 'सेव्ह' केला आणि 'व्हेरिफाय' न करताच, म्हणजे टेपवर नीट उतरलाय का हे न तपासताच, मशीन बंद केलं. टेपवरून तो परत कधीच आला नाही. बॅकअप घेतलास की तो उघडून चालवून बघ, मगच झोप.

आता स्पेक्ट्रमचा एखादा इम्युलेटर, म्हणजे आजच्या कॉम्प्युटरवर जुनं मशीन हुबेहूब चालवणारा प्रोग्रॅम, उतरवून घे. २५५ऐवजी १७० टाक. काय दिसेल ते आधी कागदावर काढ, मग चालव. रंगांचे ७६८ बाइट २२५२८ पासून सुरू होतात. तिथे पोचलीस की लिही.

तुझा,
काका