सेकंडहँड फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय घेतोय, गाव गुहागर. सगळे म्हणतात ऑटोमॅटिक नको, स्पोर्टी गाडी मॅन्युअलच हवी. काय करू?

घ्या बिनधास्त. हे 'सगळे' आमच्या घरी एकाच माणसात आहेत, माझा मेव्हणा. त्याच्याकडे फियाटची अबार्थ पुंटो, १४५ हॉर्सपॉवर, मॅन्युअल, आणि जो हाताने गिअर टाकत नाही तो ड्रायव्हरच नाही हे तो आमच्या साखरपुड्यापासून ऐकवतोय.

मुळात जीटी टीएसआय, म्हणजे पेट्रोल जीटी, आपल्याकडे मॅन्युअलमध्ये आलीच नाही. मॅन्युअल जीटी पाहिजे तर टीडीआय, म्हणजे डिझेल. तेव्हा पेट्रोल जीटीवर जीव जडला असेल तर मॅन्युअलचा विषय तिथेच संपला, आता फक्त कुठला ऑटोमॅटिक एवढंच बघायचं. २०१३ पासूनच्या १.२ लिटर इंजिनला सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक, तोही ड्राय क्लचवाला, क्लच तेलात नसतो. २०२० नंतरच्या १.० लिटरला सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे तेलातून ताकद पोचवणारा साधा ऑटोमॅटिक. पळायला डीएसजी भारी, गिअर कधी बदलला कळतसुद्धा नाही.

माझी १.२ आहे. मागे कराडहून येत होतो, पाऊस चालू, मेव्हणा म्हणाला दे इकडे, बघू तुझी बिनक्लचची गाडी. कोयनानगरच्या पुढे कुंभार्ली घाट उतरायला लागलो आणि याने लिव्हर आपला डी (ड्राइव्ह) मध्येच ठेवला. डी मध्ये गिअरबॉक्स पेट्रोल वाचवायला वरचा गिअर धरतो, मग उतारावर गाडी सुटल्यासारखी होते, आणि हा प्रत्येक वळणाला ब्रेक दाबतोय. अर्ध्या घाटात जळका वास आत यायला लागला, मागून बायको म्हणाली काहीतरी जळतंय, तर हा शांतपणे म्हणतो, "बघ ताई, तरी मी सांगत होतो, ऑटोमॅटिकला इंजिन ब्रेकिंग नसतं." गाडी कडेला घ्यायला लावली. उजव्या पुढच्या चाकातून वाफ निघत होती, त्यावर पावसाचे थेंब पडून चर्र चर्र आवाज. ब्रेक थंड होईपर्यंत थांबलो, मग मी बसलो, लिव्हर मॅन्युअल मोडला घेऊन दुसरा गिअर धरला, म्हणजे इंजिनच गाडी रोखून धरतं, आणि ब्रेकला वळणावर नुसता पाय लावत पोफळीपर्यंत खाली. इंजिन गुरगुरत होतं, गाडी आपली बैलगाडीसारखी निमूट. खाली चहाला थांबलो तर साहेबांचं म्हणणं काय, तुझी गाडी हलकी आहे म्हणून जमलं!! अजून तेच म्हणतो, लग्नकार्यात चार लोकांसमोर म्हणतो. त्याच्या पुंटोत उतारावर तो स्वतः दुसरा टाकतोच ना? मग माझ्या गाडीत टाकायला काय हात दुखत होता?

असो. तुमच्या प्रश्नाचं बोलायचं तर डीएसजीची खरी परीक्षा मुंगीच्या चालीत होते. गणपतीत चाकरमानी आले की हायवेवर जे रेंगाळणं असतं त्यात ड्राय क्लच सारखा घसरत राहतो आणि तापतो. पुढच्या गाडीला थोडं जाऊ द्यायचं, मग एकदम निघायचं, आणि थांबलात की ब्रेक नीट दाबून थांबायचं. चढावर अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरायची सवय असेल तर ती आधी सोडा, धोपाव्याला फेरीबोटीच्या रॅम्पवर रांगेत तर नक्कीच.

जुना सात-गिअर डीएसजी बदनाम झाला तो उगाच नाही. २०१३ च्या शेवटी कंपनीने जगभरातल्या १६ लाख गाड्या परत बोलावून गिअरबॉक्समधलं सिंथेटिक तेल काढून मिनरल घातलं होतं. त्यामुळे अगदी सुरुवातीची गाडी असेल तर सर्व्हिस हिस्ट्री दाखवल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका. मेकॅट्रॉनिक, म्हणजे गिअर बदलणारा मेंदू, गेला तर खर्च लाखाच्या वर जातो, आणि एवढी जुनी गाडी वॉरंटीत नसणारच. हे आधी सांगायला हवं होतं खरं, पण मेव्हणा मधे आला.

टेस्ट ड्राइव्हला हायवेवर पळवून काही कळत नाही. थोडा चढ बघा, डी टाका, ब्रेक हळूच सोडा. गाडी थरथरली, पहिल्या-दुसऱ्यात गचके दिले तर क्लच संपत आलाय. तोच चढ रिव्हर्समध्ये करून बघा. डॅशबोर्डवर गिअरचा आकडा लुकलुकला तर चहा पिऊन निघून या.

आणि गाडी आपल्या भागातलीच असेल तर २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा महापूर विसरू नका. आमच्या बाजारपेठेत त्या दिवशी किती गाड्या बुडाल्या ते डोळ्यांनी पाहिलंय. बुडलेल्या गाडीला डीएसजी असेल तर मी फुकट दिली तरी घेणार नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, खालच्या टोकाला मातीचा डाग राहतो. स्टेपनीखालचा खड्डा आणि इन्शुरन्स क्लेमही बघा.

महिन्यातून एकदा घाट, बाकी गुहागर-शृंगारतळी एवढंच फिरणं असेल आणि डोक्याला ताप नको असेल तर २०२० नंतरची १.० घ्या, थोडे पैसे जास्त जातील. गाडी बघायला सकाळी लवकर जा आणि मालकाला आधीच बजावा की आम्ही येईपर्यंत स्टार्ट करू नको, थंड इंजिनवर बघायचीय.