स्टॉकहोमला नवीन आलो आहे, सह्याद्रीत ट्रेक करायचो. इथे ओरिएंटियरिंग जमेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरीसाठी स्टॉकहोमला आलात, सह्याद्रीत भरपूर भटकंती झाली आहे, स्वीडिश येत नाही, ओळखीचं कोणी नाही. ऑफिसातल्या कोणीतरी ओरिएंटियरिंगचं, म्हणजे नकाशा आणि होकायंत्र घेऊन जंगलात वाट शोधत धावण्याच्या खेळाचं, नाव काढलं. ते जमेल का, काय लागेल, आणि त्यापेक्षा सरळ उत्तरेच्या डोंगरात गेलेलं बरं नाही का? मी मूळची पुण्याची, राहते उप्सालात आणि इथल्या एका क्लबात नियमित धावते. जमेल, अगदी नक्की जमेल. आणि डोंगरांच्या आधी हेच करा.

कारण सांगते. सह्याद्रीत आपल्याला वाट शोधायची सवय असते ती वर बघून. बालेकिल्ला दिसतो, समोरची धार दिसते, लिंगाण्यासारखा एखादा सुळका दिशा सांगतो. पायाखाली मळलेली वाट असते आणि ती फुटली तर खालच्या वाडीतले मामा सोबत येतात. स्टॉकहोम-उप्सालाच्या जंगलात यातलं काहीच नाही. स्प्रूस आणि पाइनच्या गर्दीत पुढचं तीस-चाळीस मीटरच दिसतं. हिमयुगातल्या बर्फाने हा सगळा प्रदेश घासून काढलाय, त्यामुळे चढउतार काही मीटरांचेच. उप्सालाच्या दक्षिणेचं लुन्सेन नावाचं जंगल बघा: जवळजवळ सपाट, जिकडेतिकडे शेवाळलेले धोंडे आणि दलदलीचे तुकडे. चांगले कसलेले ट्रेकर तिथे दहा मिनिटांत गोंधळतात. इथे वाट सापडते ती लहान गोष्टी वाचून. माणसाएवढा धोंडा, दलदलीचं एक टोक, दोन-तीन मीटरचं टेकाड. हे वाचायला शिकवणारी सगळ्यात चांगली शाळा म्हणजे ओरिएंटियरिंग.

खेळ साधा आहे. हातात नकाशा आणि होकायंत्र. नकाशावर जांभळ्या रंगात सुरुवातीचा त्रिकोण, मग क्रमांक घातलेली वर्तुळं, शेवटी दुहेरी वर्तुळ. प्रत्येक वर्तुळाच्या मध्यावर जंगलात एक नारिंगी-पांढरा झेंडा असतो, त्यालाच कंट्रोल म्हणतात. क्रमाने सगळ्या कंट्रोलवर जायचं आणि बोटाला अडकवलेली इलेक्ट्रॉनिक चिप तिथल्या पेटीत घालायची. दोन कंट्रोलमधली वाट तुम्ही ठरवायची.

आपण वापरतो तो सर्व्हे ऑफ इंडियाचा नकाशा १:५०,००० चा, म्हणजे एका सेंटिमीटरला अर्धा किलोमीटर. ओरिएंटियरिंगचा नकाशा बहुतेक वेळा १:१०,००० चा. एक सेंटिमीटर म्हणजे शंभर मीटर, आणि कंटूर, म्हणजे सारखी उंची दाखवणाऱ्या रेषा, वीस मीटरऐवजी पाच मीटरला. एकेक मोठा धोंडा काळ्या ठिपक्याने आणि एकेक टेकाड तपकिरी ठिपक्याने दाखवलेलं. रंगांची मात्र सवय करावी लागेल. पांढरा म्हणजे मोकळी जमीन नव्हे, तर सहज पळता येईल असं जंगल. हिरवा जितका गडद तितकी झाडी दाट. पिवळा म्हणजे उघडी जागा, निळं ते पाणी आणि दलदल. शेवाळी हिरवा रंग म्हणजे कोणाचं तरी अंगण, तिथे पाऊल टाकायचं नाही. आणखी एक सोय: नकाशावरच्या उत्तर-रेषा चुंबकीय उत्तरेच्या असतात, त्यामुळे होकायंत्राचा फरक काढत बसावं लागत नाही.

प्रत्यक्षात डोकं कसं चालतं ते एका टप्प्यावरून सांगते. समजा, दोन कंट्रोलमध्ये साडेतीन सेंटिमीटर आहे, म्हणजे ३५० मीटर. नाकासमोर पळत सुटलात तर धोंड्यांच्या गर्दीत नेमका आपला धोंडा सापडणं कठीण. म्हणून वाट उलटी, शेवटाकडून ठरवायची. कंट्रोल दोन मीटर उंचीच्या धोंड्याच्या उत्तर बाजूला आहे. त्याच्या अलीकडे ऐंशी मीटरवर एक लांबट दलदल निमुळती होते आणि तिथेच उघडा कातळ वर येतो. ही जागा चुकूच शकत नाही, म्हणून तिथपर्यंत जोरात पळायचं, दलदलीची कड डाव्या हाताला धरून. कातळावर क्षणभर थांबायचं, नकाशा उत्तरेला जुळवायचा, होकायंत्रावर दिशा घ्यायची आणि उरलेले ऐंशी मीटर पावलं मोजत, हळू जायचं. आणि पुढे निघून गेलोच तर? धोंड्याच्या पलीकडे विजेच्या तारांखालचा मोकळा पट्टा आहे. तो लागला की समजायचं, जरा मागे या. अंगठा सतत नकाशावर, आपण आहोत त्या जागी. झेंडा दिसला की आधी त्यावरचा आकडा आपल्याला मिळालेल्या कंट्रोलच्या यादीतल्या आकड्याशी ताडायचा, कारण शेजारच्या धोंड्यावर दुसऱ्या कोणाचा तरी कंट्रोल असतो. सोंड, खिंड, घळ हे आकार कंटूरमधून ओळखायची आपली सवय इथे खरोखर कामी येते, फक्त ते आकार खूप लहान करून बघायचे.

स्टॉकहोमकरांनी हा खेळ आवर्जून खेळावा याला आणखी एक कारण आहे. पहिली जाहीर स्पर्धा १८९७ मध्ये नॉर्वेत झाली हे खरं, पण खेळ लोकांचा झाला तो मेजर अर्न्स्ट किलांडर यांच्यामुळे. तरुणांचा मैदानी शर्यतींमधला रस कमी होतोय हे बघून त्यांनी १९१९ मध्ये स्टॉकहोमजवळ नाक्का भागात स्पर्धा भरवली आणि दोनशेहून जास्त जण धावले. त्याच नाक्कातलं हेलासगोर्डनचं जंगल आज तुमच्यापासून बसच्या अंतरावर आहे.

कुठल्याही जंगलात असं बिनधास्त शिरता कसं येतं, हा प्रश्न आपल्याला पडतोच. स्वीडनमध्ये ‘आल्लेमान्सरेत्तेन’ म्हणजे सर्वांचा निसर्गात वावरण्याचा हक्क आहे, आणि १९९४ पासून त्याचा उल्लेख राज्यघटनेत आहे. जमीन कोणाचीही असो, तिच्यावरून चालता येतं, एखाद-दुसरी रात्र तंबू टाकता येतो, ब्लूबेरी वेचता येतात. घराचं आवार, रोपवाटिका, उभं पीक यांच्यापासून दूर राहायचं आणि कोरड्या दिवसांत आगबंदी आहे का हे पाहायचं. नॉर्वेत असाच हक्क १९५७ च्या कायद्याने दिलाय. डेन्मार्कमध्ये मात्र एवढी मोकळीक नाही. मला या देशातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते, आणि म्हणून ती जपायची जबाबदारी बाहेरून आलेल्या आपल्यावरही तेवढीच आहे.

सुरुवात ‘हित्ताउत’पासून करा. अनेक गावांत स्थानिक क्लब वसंतापासून शरदापर्यंत जंगलात आणि वस्तीत नकाशावरून शोधायचे खुंट लावून ठेवतात. नकाशा फुकट मिळतो, वेळेचं बंधन नाही, एकट्याने किंवा कुटुंबासह जाता येतं. नॉर्वेत ‘स्तोल्पेयाक्तेन’ याच धर्तीवर चालतं. पण तिथेच थांबू नका. जवळच्या क्लबाला इंग्रजीत मेल करा आणि आठवड्याच्या सरावाला जा. चिप आणि होकायंत्र बहुतेक क्लब उसने देतात. शर्यतींची यादी ‘इव्हेंटॉर’ या साइटवर असते, आणि बऱ्याच शर्यतींत त्याच दिवशी नाव देता येईल असे खुले मार्गही असतात. काठिण्य रंगांवरून कळतं: हिरवा, पांढरा सोपे, पिवळा, नारिंगी मधले, निळा, काळा अवघड. ट्रेकिंगचा कितीही अनुभव असला तरी पांढऱ्यापासून सुरू करा.

भाषेची काळजी सोडा. इथली मुलं शाळेतच नकाशा वाचायला शिकतात, त्यामुळे क्लबात आजोबांपासून नातवापर्यंत सगळे असतात. एरवी स्वीडिश माणूस अनोळखी व्यक्तीशी फारसा बोलत नाही. पण शर्यत संपली की तोच माणूस ब्लूबेरी सूपचा पेला हातात घेऊन तुमच्या शेजारी उभा राहतो, नकाशा उघडतो आणि विचारतो, “सातव्या कंट्रोलला तू कुठून गेलीस?” माझ्या इथल्या सगळ्या जवळच्या ओळखी या प्रश्नापासून सुरू झाल्या. माझं स्वीडिशही तिथेच सुधारलं.

कपड्यांवर खर्च नको. पाय पूर्ण झाकणारी पँट आणि पकड असलेले जुने बूट पुरे. ओल्या कातळासाठी खिळ्यांचे बूट नंतर घेता येतील. पाय झाकण्यामागे इतिहास आहे: १९५७ ते १९६३ या काळात स्वीडिश ओरिएंटियरिंग खेळाडूंमध्ये काविळीची साथ पसरली होती, शेकडो जण आजारी पडले. त्यात ओरखडलेल्या उघड्या पायांचा संबंध दिसला आणि पाय झाकणं सक्तीचं झालं. आज भीती गोचिडांची. स्टॉकहोमच्या आसपास त्यांच्यामुळे टीबीई हा मेंदूचा आजार होतो. त्याची लस आहे, टप्प्याटप्प्याने घ्यावी लागते, म्हणून हिवाळ्यातच सुरू करा. गोचिडांमुळेच होणाऱ्या बोरेलिया या दुसऱ्या आजाराला लस नाही. घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, जांघेत नीट बघा, आणि चाव्याभोवती लाल कडं पसरताना दिसलं तर डॉक्टर गाठा.

दोन नियम मनात पक्के ठेवा. शर्यत अर्धवट सोडली तरी शेवटी येऊन चिप वाचून घ्यायचीच, नाहीतर आयोजक तुम्हाला रात्रभर जंगलात शोधतील. आणि कोणी जखमी दिसलं तर आपली शर्यत तिथेच संपते, आधी मदत.

डिसेंबरात इथे तीनच्या आत सूर्य मावळतो. तेव्हा घरात बसून राहू नका, हेडलँप लावून रात्रीच्या सरावाला या. १९४५ पासून चालत आलेली तिओमिला ही रिले शर्यत तर रात्रभर चालते. जुलैत पाच दिवसांची ओ-रिंगेन असते, दर वर्षी नव्या ठिकाणी, लहान मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत हजारो लोक. तिथे प्रेक्षक म्हणून गेलात तरी चालेल, पण नाव द्याच.

उत्तरेचे डोंगर पळून जात नाहीत. एका उन्हाळ्याच्या सरावानंतर उत्तरेतल्या अबिस्को गावाहून कुंग्सलेडेन या लांब पायवाटेवर निघा. वाट खुणांची आहे आणि अधूनमधून मुक्कामाच्या झोपड्या आहेत, पण झाडं संपतात त्या उंचीवर धुकं उतरलं की कंटूर वाचता येणं खूप धीर देतं. तिथे एक गोष्ट विसरू नका: खांबांवरच्या लाल फुल्या हिवाळी वाटेच्या असतात. ती वाट गोठलेल्या तळ्यांवरून आणि दलदलींवरून काढलेली असते, म्हणून उन्हाळ्यात त्यांच्यामागे न जाता दगडांच्या रचलेल्या खुणा धरून चाला.