‘सर्व प्रकारचे डान्स येतात’ ही ओळ आधी खोडा

नृत्याचं काम मागणाऱ्यांच्या बायोडेटाबद्दल आलेली काही पत्रं आणि त्यांची उत्तरं. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : चार हंगामांपासून झाडीपट्टीच्या (पूर्व विदर्भातल्या) नाटकांत नाचते. मुख्य लावणी. आता पुण्या-मुंबईकडच्या नृत्यसंस्थेत अर्ज करायचा आहे. झेरॉक्स सेंटरवाल्या दादांनी बायोडेटा करून दिला, सोबत जोडला आहे. दोन ठिकाणी पाठवला, उत्तर नाही. नाटकातलं काम लिहावं की लपवावं?
(ता. आरमोरी, जि. गडचिरोली)

उत्तर : ताई, दादांनी दिलाय तो लग्नाचा बायोडेटा. वर गणपती, मग जात, रक्तगट, वडिलांचा धंदा, भाऊ किती, बहिणी किती. नाच येतो अकराव्या ओळीत, तोही असा : ‘५०० हून अधिक कार्यक्रम. सर्व प्रकारचे डान्स येतात. छंद : नृत्य.’ ज्या कामाचे पैसे मागताय तेच छंदात लिहिलंय. निवड करणारा एका बैठकीत ढीगभर कागद चाळतो, तो अकराव्या ओळीपर्यंत पोचतच नाही.

एकच पान ठेवा. वर नाव, तालुका-जिल्हा, ‘बाहेरगावी राहून काम करण्यास तयार’, मोबाईल, ईमेल, उंची, जन्मवर्ष आणि लगेच व्हिडिओची लिंक. घरचा पूर्ण पत्ता, आधार क्रमांक आणि वडिलांचा मोबाईल नंबर टाकू नका. हा कागद कोणाकोणाच्या हातात फिरेल ते आपल्या ताब्यात राहत नाही. त्याखाली नृत्यशैली, मग केलेलं काम (ताजं आधी), मग शिक्षण, शेवटी भाषा आणि इतर कौशल्यं. गोंडी किंवा छत्तीसगढी बोलता येत असेल, ढोलकी वाजवता येत असेल, तर ते जरूर लिहा. दौऱ्यावर निघणाऱ्या संचाला असा माणूस हवाच असतो.

आता मुख्य मुद्दा. झाडीपट्टीचं काम लपवायचं तर नाहीच, उलट तीच तुमची सगळ्यांत भक्कम ओळ आहे. फक्त ती मोघम नको. ‘५०० कार्यक्रम’ यातून समोरच्याला काही दिसत नाही, आणि चार हंगामांत ५०० म्हटल्यावर तो मनात भागाकार करतो तो वेगळाच. असं लिहा :

‘२०२१-२२ ते २०२४-२५, चार हंगाम (दिवाळी ते होळी), झाडीपट्टी नाट्यमंडळ, वडसा. नर्तकी : उभी लावणी एकल, तसेच ४ जणींचा समूह. दर हंगामात सुमारे ४० प्रयोग. थेट वादकांच्या साथीने, मोकळ्या मंडपात, रात्रभराचा प्रयोग.’

मंडळाचं नाव आणि आकडे तुमचे खरे घाला. या ओळीतून जाणकाराला किती कळतं बघा. थेट साथीवर नाचणारी बाई ढोलकी पुढं धावली तरी सम (तालाची पहिली मात्रा) सोडत नाही. थंडीत पहाटे तीनला परत उभं राहायचा दम तिच्यात आहे. दर रात्री वेगळ्या मापाच्या मंचावर जागा सांभाळायची सवय आहे. यातलं एकही विशेषण कागदावर लिहायचं नाही. ‘मेहनती, जिद्दी, उत्साही’ तर कुणीही लिहितं. झाडीपट्टीची ओळख विदर्भाबाहेरही आता नवी राहिलेली नाही. २०२३ साली डॉ. परशुराम खुणे यांना याच रंगभूमीवरच्या कामासाठी पद्मश्री मिळाली.

‘लावणी’ एवढंच लिहून थांबू नका. उभी (उभं राहून नाचायची) की बैठकीची (बसून सादर करायची), अदाकारी करता की फक्त चाल, नऊवारी स्वतः नेसता का, स्वतःचे घुंगरू आहेत का, हेही विचारलं जातं. आणि ‘सर्व प्रकारचे डान्स’ खोडाच. निवडीच्या वेळी दहा-पंधरा मिनिटांत एक तुकडा शिकवतात आणि लगेच करून दाखवायला लावतात. कागदावर ‘कंटेम्पररी’ लिहिलं आणि जमिनीवर लोळण घेताना खांदा आपटला, की तुमच्या लावणीवरचाही विश्वास उडतो. दोन रकाने करा : ‘मुख्य शैली’ आणि ‘प्राथमिक ओळख’. दुसऱ्या रकान्यात नाव आल्यानं कमीपणा येत नाही.

कागद युनिकोड मराठीत टाईप करून घ्या. झेरॉक्स सेंटरवर अजून जुने फॉन्ट चालतात. तिथली वर्डची फाईल पुण्यातल्या संगणकावर उघडली की ‘लावणी’च्या जागी ठिपके आणि कंस दिसतात. पीडीएफ करून, फाईलला स्वतःचं नाव आणि शैली देऊन पाठवा. ‘बायोडेटा न्यू फायनल २’ या नावाची फाईल उद्या कोणालाच सापडत नाही.

प्रश्न : पोरगी कथक शिकून राहिली आहे, मध्यमा पूर्ण झाली, विशारद प्रथमचा फॉर्म भरला आहे. तिच्या बायोडेटात ‘कथक विशारद’ लिहिलं तर चालेल का? आणि तिच्यासाठी एखादी स्कॉलरशिप आहे का? वय १९.
(एक आई, ता. दर्यापूर, जि. अमरावती)

उत्तर : नाही चालणार, आई. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची पायरी अशी आहे : प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, विशारद प्रथम, विशारद पूर्ण, मग अलंकार. कथकच्या वर्तुळातला माणूस तोंडी परीक्षा घेतल्यासारखा विचारतो, ‘धमारात (चौदा मात्रांच्या तालात) काय तयार आहे?’ मध्यमाचीच तयारी असेल तर दोन वाक्यांत ते उघडं पडतं. ‘मध्यमा पूर्ण, कथक (वर्ष, श्रेणी), विशारद प्रथम, परीक्षेची तयारी सुरू’ असं सरळ लिहा. आणि पुढं विशारद झाल्यावरही ‘बी. ए. कथक’ लिहू नका. ती मंडळाची परीक्षा आहे, विद्यापीठाची पदवी नाही.

परीक्षेपेक्षा जास्त सांगते ती गुरूंची ओळ : कोणाकडे, कुठल्या गावी, कोणत्या वर्षापासून, आठवड्याला किती तास. अमरावतीला आठवड्यातून दोनदा एसटीनं जाऊन शिकत असेल तर ‘आठवड्यातून २ दिवस’ हेच खरं लिहा, उरलेले दिवस घरचा रियाज म्हणून दाखवा. पुढच्या ओळीत तयारी : ‘तीनताल, झपताल, रूपक, गतनिकास, एक ठुमरी अभिनयासह, थेट तबल्यावर सादरीकरण’. पायात किती घुंगरू बांधते ते लिहिलं तरी बिघडत नाही. दोन्ही पायांत १००-१०० बांधून अर्धा तास नाचणं आणि ५०-५० बांधून नाचणं यातला फरक वाचणाऱ्याला कळतो.

स्कॉलरशिपचं म्हणाल, तर केंद्र सरकारच्या संस्कृती मंत्रालयाची युवा कलाकार शिष्यवृत्ती १८ ते २५ वयासाठी आहे, मुदत दोन वर्षांची, आणि काम दिल्लीतलं सीसीआरटी (सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्र) पाहतं. गुरूंकडे किमान पाच वर्षं शिकलेलं असावं लागतं, म्हणून वर सांगितलेली गुरूंची ओळ वर्षासकट पक्की हवी. गुरूंचं पत्र आणि बायोडेटा यांतली वर्षं जुळतात का ते स्वतः ताडून पाहा. एकात ‘२०१८ पासून’ आणि दुसऱ्यात ‘२०२० पासून’ असला घोळ नको. पुढं पदवीच करायची झाली तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, आणि छत्तीसगढमध्ये राजनांदगावच्या पुढं खैरागढचं इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय. गोंदियाकडच्या मुलांना पुण्यापेक्षा खैरागढ कितीतरी जवळ पडतं.

प्रश्न : व्हिडिओ मागतात. माझ्याकडे कार्यक्रमात लोकांनी काढलेले आहेत, ते चालतील? की रील्स पाठवू?
(ता. पुसद, जि. यवतमाळ)

उत्तर : मंडपातला व्हिडिओ सहसा कामाचा नसतो. फोकसच्या उजेडात चेहरा पांढराफटक होतो, पुढच्या डोक्यांमुळं पाय दिसत नाहीत. रील्सचा वेग बदललेला असतो आणि दर दोन सेकंदांना कट असतो. पाहणाऱ्याला सलग नाच हवा असतो. चूक झाली तर माणूस सावरतो कसा, हेच तर त्याला बघायचं असतं.

त्यामुळं वेगळा काढा. शाळेचा वऱ्हांडा, समाजमंदिर किंवा स्वच्छ अंगण, मागं साधी भिंत. निळी ताडपत्री नको, तिचा रंग चेहऱ्यावर चढतो. सकाळी आठच्या सुमारास किंवा चारनंतरचा उजेड. फोन आडवा धरायचा, कंबरेच्या उंचीवर, चार-पाच मीटरवर, स्टुलावर विटांनी टेकवून. फोन जमिनीवर ठेवला तर पाय लांबलचक आणि डोकं बोराएवढं दिसतं. गच्चीवरून काढला तर पदन्यास दिसतच नाही. डोक्यावर आणि पायाखाली वीतभर जागा सुटली पाहिजे. लेन्स रुमालानं पुसा. हसू नका, निम्मे धूसर व्हिडिओ तेवढ्यानं सुधारतात.

टिनाच्या छताखाली घुंगरांचा आवाज घुमतो. दुसरा फोन पायांजवळ ठेवून त्यावर आवाज घ्या. सुरुवातीला एक टाळी वाजवा आणि नंतर दोन्हीतली टाळी जुळवून घ्या. कथकची चक्कर असेल तर सेटिंगमध्ये सेकंदाला ६० फ्रेम ठेवा, नाहीतर हातांचा फराटा होतो.

एकूण दोन ते अडीच मिनिटं पुरेत, आणि सर्वांत चांगला तुकडा पहिल्या दहा सेकंदांत हवा. वंदना, नमस्कार, रंगमंचाला पाया पडणं हे सगळं ठीक आहे, पण इथं ते कापा. अशी फाईल सहज तीनशे एमबीच्या वर जाते. गावात रेंज येत-जात असेल तर रात्री अपलोडला लावा. यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ ठेवा, ‘प्रायव्हेट’ केलं तर समोरच्याला दिसत नाही. सिनेमाचं गाणं वापरलं असेल तर कॉपीराइटमुळं व्हिडिओ अडवला जाऊ शकतो, म्हणून लिंक आधी दुसऱ्याच्या फोनवर उघडून पाहा. व्हॉट्सॲपवर सरळ व्हिडिओ टाकू नका, तो दाबून लहान करतं.

प्रश्न : लग्न आणि बाळंतपणामुळं तीन वर्षं मंच सुटला. ते कसं लिहू?
(ता. साकोली, जि. भंडारा)

उत्तर : कारण लिहायची गरज नाही. ‘२०२४ पासून रियाज पुन्हा सुरू, आठवड्याला ५ दिवस’ एवढी ओळ आणि गेल्या सहा महिन्यांतला व्हिडिओ. तीन वर्षांपूर्वीचा व्हिडिओ दिला तरच शंका येते.

प्रश्न : आमच्या चमूनं कॉलेजच्या युवक महोत्सवात ढेमसा हा आदिवासी समूहनाच केला, राज्याच्या ‘इंद्रधनुष्य’ या आंतरविद्यापीठ महोत्सवापर्यंत गेलो. मी ‘ढेमसा तज्ज्ञ’ लिहू शकतो का? आणि तीन हजार भरून मिळालेला ‘नृत्यभूषण’ पुरस्कार टाकू का?
(ता. राजुरा, जि. चंद्रपूर)

उत्तर : तज्ज्ञ नको. ढेमसा गोंड-कोलामांच्या घरचा आहे. तुम्ही त्या समाजातले असाल आणि गावच्या पारंपरिक दंडारी नाचात नाचत आला असाल तर तसं स्पष्ट लिहा, त्याला महोत्सवाच्या ओळीपेक्षा वजन आहे. बसवलेला शिकला असाल तर ‘ढेमसा, समूह, महाविद्यालयीन बांधणी’ एवढंच, आणि शिकवणाऱ्या गावकऱ्यांचं नाव त्यांना विचारून. चमूत किती जण होते आणि तुम्ही कुठं होता तेही लिहा : पुढच्या रांगेत, की साथीला.

महोत्सवाचा दाखला, कार्यक्रमपत्रिका, विद्यापीठाचं पत्र यांच्या प्रती आत्ताच जमवून ठेवा. समूहाच्या कार्यक्रमात आयोजकांकडे बहुतेक वेळा फक्त प्रमुखाचं नाव राहतं, मग ते नागपूरचं दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र असो की कॉलेज. दोन वर्षांनी ‘हा मुलगा त्यात होता’ हे सिद्ध करायला तुमच्याकडे फक्त फोटो उरतो, आणि फोटोत सगळ्यांनी एकसारखाच फेटा बांधलेला असतो.

‘नृत्यभूषण’ काढा. पैसे भरून मिळणारी असली सन्मानपत्रं या क्षेत्रातले लोक नावावरूनच ओळखतात, आणि मग शेजारच्या ‘इंद्रधनुष्य’कडेही संशयानं बघतात.