स्वीडिशमध्ये 'ब्लोस्त पो कॉनफेक्तेन' कधी म्हणायचं आणि कधी नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑफिसातले स्वीडिश लोक येता-जाता 'ब्लोस्त पो कॉनफेक्तेन' म्हणतात, शब्दकोशात 'अपेक्षाभंग होणे' असा अर्थ सापडला, पण भावाचा व्हिसा नाकारल्याचं सांगताना तुम्ही तेच वापरलंत तर टेबलावर सगळे गप्प झाले. असं का?

मी योतेबोरीला (नकाशावरचं गोथेनबर्ग) बरीच वर्षं राहतोय, नोकरी आणि संसार दोन्ही स्वीडिशमध्येच चालतो, म्हणून सांगतो. अर्थ तुम्हाला बरोबर कळलाय, माप चुकलंय. 'कॉनफेक्त' म्हणजे खाऊ, त्यातही जरा ठेवणीतला. चॉकलेटचे छोटे तुकडे, पाहुण्यांपुढे डबा उघडून धरतात तसले. इथे नाताळात घरोघरी मराबू या चॉकलेट कंपनीचा 'अलादीन' नावाचा डबा फिरतो, 1939 पासून तो बाजारात आहे. त्यात तीन हेझलनट घातलेला एक तुकडा असायचा आणि सगळ्यांचा डोळा त्याच्यावरच. डबा तुमच्यापर्यंत येईतो तो संपलेला असायचा. झालात तुम्ही 'ब्लोस्त पो कॉनफेक्तेन'. खाऊ हुकला, पोट रिकामं राहिलं नाही.

म्हणूनच आपल्या 'हातातोंडाशी आलेला घास गेला'शी त्याची सोयरीक जुळवू नका. घास म्हणजे जेवण. अवकाळी पावसाने काढणीला आलेला कांदा गेला की आपण तसं म्हणतो आणि ऐकणाऱ्याच्या पोटात कालवतं. कॉनफेक्तेनमध्ये कालवाकालव नाही. 'तोंडाला पानं पुसली' त्यातल्या त्यात जवळचं, पण तिथे पुसणारा कोणीतरी लबाड लागतो. 'पोपट झाला'मध्ये फजिती झालेल्यावर हसणं असतं. स्वीडिश माणूस हे बहुतेक वेळा स्वतःबद्दलच म्हणतो, खांदे उडवत. मला विचाराल तर तक्रार न करता तक्रार करायची ही त्यांची खास सोय आहे. उघडउघड कुरकुर करणं इथे फारसं शोभत नाही; खाऊचं नाव घेतलं की चालतं.

आता नेमकं कुठे बसतं ते बघा. आमच्याकडे शुक्रवारी दुपारी ऑफिसची फीका असते, कॉफी आणि सोबत काहीतरी गोड. फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी सकाळीच मेल आला होता की आज सेमला आहेत. सेमला म्हणजे वेलदोड्याचा गोल पाव, आत बदामाचं सारण, वर फेटलेल्या सायीचा डोंगर आणि पिठीसाखर. आमच्या शेजारच्या टीमची मीटिंग लांबली. ते आले तेव्हा पुठ्ठ्याच्या खोक्यात पिठीसाखरेचे गोल ठसे तेवढे उरले होते. त्यांची म्हातारी टीमलीड खोक्यात डोकावली, 'याहा' (म्हणजे 'अच्छा') म्हणाली आणि मग, 'ब्लोस्ता पो कॉनफेक्तेन'. सगळे हसले, कोणीतरी फ्रीजमधून बिस्किटं काढून दिली. यात सगळं आलं: गोष्ट आधी कबूल झालेली होती, यांनी ती मनात धरली होती, ती थोडक्यात हुकली, आणि नुकसान हसण्यावारी नेण्याइतकं होतं. यातलं शेवटचं नसेल तर वाक्प्रचार जिभेवरच ठेवा. व्हिसा, नोकरी, आजारपण, घटस्फोट यांना साधं 'बेस्वीकेन' म्हणजे निराश, किंवा 'लेसेन' म्हणजे दुःखी म्हणा. तुमचे सहकारी गप्प झाले ते त्यामुळे. हसायचं की 'अरेरे' म्हणायचं हे त्यांना कळेना.

तिने 'ब्लोस्त' नाही, 'ब्लोस्ता' म्हटलं, कारण टीमबद्दल बोलत होती. एकटे असाल तर 'या ब्लेव्ह ब्लोस्त पो कॉनफेक्तेन', अनेक असाल तर 'वी ब्लेव्ह ब्लोस्ता पो कॉनफेक्तेन'. नुसती भावना सांगायची तर 'या शेन्नेर मेय ब्लोस्त पो कॉनफेक्तेन'. उच्चारात मराठी माणसाला आयता फायदा आहे: त्यांचा त आपल्यासारखाच दंत्य, ट करू नका. जोर 'फेक'वर द्या.

आणि शेपूट तोडू नका! 'या ब्लेव्ह ब्लोस्त' एवढंच म्हटलंत तर 'मला गंडवलं', बहुधा पैशांना, असा अर्थ होतो आणि लोक पोलिसात जायचा सल्ला देतात. 'दू एर ब्लोस्त' म्हणजे तर 'तू बिनडोक आहेस'. हवेत वारा सुटला की तोही 'ब्लोस्त'च. एकाच शब्दाचे एवढे उद्योग, त्यामुळे कॉनफेक्तेन सोबत असलेलं बरं.

वर्तमानपत्रात हा वाक्प्रचार हमखास भेटतो तो खेळाच्या पानावर, विशेषतः शेवटच्या क्षणी गोल खाल्ला की. 23 जून 2018 आठवा, सोचीतला विश्वचषकाचा स्वीडन–जर्मनी सामना. आदल्या दिवशी मिडसमरची, म्हणजे इथल्या उन्हाळ्यातल्या मोठ्या सणाची, पूर्वसंध्या झालेली, अख्खा देश सुटीवर. तोइवोनेनने स्वीडनला आघाडी मिळवून दिली, जर्मनीच्या रॉयसने बरोबरी केली, बोआटेंगला लाल कार्ड मिळून जर्मनी दहावर आली, आणि 95व्या मिनिटाला जर्मनीच्याच क्रोसने फ्री किक जाळ्यात घातली. हातात आलेला गुण गेला. मात्र पुढच्या सामन्यात स्वीडनने मेक्सिकोला 3–0 हरवून गट जिंकला आणि जर्मनी घरी गेली. म्हणून त्या संध्याकाळीला आज 'कॉनफेक्तेन' शोभतो. स्वीडनच बाहेर पडलं असतं तर तो अपुरा पडला असता. फुटबॉलवर बोलताना एक सांभाळा, पंचाने शिट्टी मारणं यालाही 'ब्लोसा'च म्हणतात.

आणखी एक गल्लत होते ती 'देत ब्लेव्ह पान्नकाका आव आल्तीहूप'शी. शब्दशः सगळ्याचा पॅनकेक झाला, म्हणजे बेतच फसला. पावसाने बार्बेक्यू रद्द झालं तर पान्नकाका. बार्बेक्यू झालं, पण तुम्ही पोचेपर्यंत सॉसेज संपले, तर कॉनफेक्तेन.

वय, हुद्दा याची फार फिकीर नको. शिवी नाही, आजीपुढेही चालतं. फक्त लेखी अर्जात, सरकारी पत्रात घालू नका. सुरुवातीला स्वतः म्हणण्यापेक्षा दुसऱ्याने म्हटल्यावर उत्तर द्यायला शिका, ते सोपं पडतं. कोणी म्हणालं की ब्लोस्त पो कॉनफेक्तेन झालो, तर 'वा स्नूपेत!' म्हणा. 'हात्तिच्या, हुकलं की!' असा त्याचा सूर. मग समोरचा माणूस पुढची हकीकत आपणहून सांगेल आणि कॉफी संपेपर्यंत विषय पुरेल.