जुन्या आकड्याशी रोजची लढाई

नाशिकच्या एका वाचक भगिनीचे पत्र थोडक्यात असे: ‘मी ३६ वर्षांची शिक्षिका आहे. काही वर्षांपासून पॉवरलिफ्टिंग करते. डेडलिफ्ट (जमिनीवरचा वजनांचा दांडा, म्हणजे बार, उचलून सरळ उभे राहणे) ११० किलोपर्यंत नेली होती, पण जिल्हा स्पर्धेच्या तोंडावर कंबर धरली. आता डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट या दोघांनीही वजन उचलण्यास परवानगी दिली आहे. तरीही ६० किलोच्या बारसमोर उभी राहिले की हातपाय गार पडतात. रात्री जुने व्हिडिओ पाहून रडू येते. सासूबाई म्हणतात, बाईमाणसाला हवेत कशाला हे उद्योग? मी मनाने कमकुवत आहे का? सारे सोडून द्यावे का?’

प्रिय भगिनी,

तुमच्या पत्रात ११० हा आकडा पुन्हा पुन्हा येतो आणि प्रत्येक वेळी तो जणू तुमचे रोजचे वजन असल्यासारखा येतो. वास्तविक ते तुमच्या सर्वोत्तम दिवसाचे वजन होते. कित्येक महिन्यांचा सराव, पुरेशी झोप, नीट जेवण आणि मनासारखा योग एकत्र आला तेव्हा ते एकदा उचलले गेले, आणि दुखापत झाली नसती तरी दर सोमवारी शाळा सुटल्यावर ते उचलता आलेच असते असे नाही. आजच्या साध्या दिवसाची तुलना तुम्ही त्या एका दिवसाशी करता आहात, म्हणून प्रत्येक सराव पराभवासारखा वाटतो.

तेव्हा जुनी वही बंद करून कपाटात ठेवा आणि नवी सुरू करा. तिच्या पहिल्या पानावर दुखापतीनंतर न दुखता उचललेले पहिले वजन लिहा, मग ते रिकाम्या बारचे २० किलो का असेना. येथून पुढची प्रगती त्या आकड्यापासून मोजायची. खंड पडल्यावर गेलेली ताकद पहिल्यांदा कमावताना लागला होता त्यापेक्षा बऱ्याच कमी काळात परत येते, हे कोणताही अनुभवी प्रशिक्षक सांगेल. मात्र स्नायू लवकर सावरतात आणि त्यांना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा मागे राहतात, त्यामुळे अंगात जोर आल्यासारखे वाटू लागेल तोच काळ अधिक जपण्याचा असतो. अजून दोन-तीन रेप्स (सलग उचलण्याच्या आवृत्त्या) निघाले असते असे वाटत असतानाच ती फेरी, म्हणजे सेट, थांबवा आणि वजन एका वेळी अडीच किलोच वाढवा.

हातपाय गार पडणे हा मनाचा दुबळेपणा नव्हे. ज्या हालचालीत कंबर दुखावली तीच हालचाल पुन्हा करायची म्हटल्यावर शरीर सावध होते, आणि ही भीती समजावण्याने जात नाही, ती सुरक्षित अनुभव साठत गेल्यानेच ओसरते. प्रशिक्षकांना सांगून बार जमिनीऐवजी गुडघ्याच्या उंचीवर ठेवून घ्या, तिथून हलके वजन उचला आणि काही आठवड्यांत उंची टप्प्याटप्प्याने कमी करा. सरावानंतर थोडा ताठरपणा जाणवला म्हणजे कंबर पुन्हा गेली असे नाही. परंतु पायांत बधिरपणा किंवा अशक्तपणा आला, लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

भारोत्तोलक मीराबाई चानू यांची गोष्ट आपण पदकापाशी आणून संपवतो, हे मला नेहमी खटकते. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये क्लीन अँड जर्कचे (आधी खांद्यापर्यंत, मग डोक्यावर वजन उचलण्याच्या प्रकाराचे) त्यांचे तीनही प्रयत्न फसले आणि त्यांच्या नावावर एकूण वजनच नोंदले गेले नाही. पुढच्याच वर्षी त्या १९४ किलो उचलून जगज्जेत्या झाल्या. २०१८ मध्ये कंबरदुखीमुळे आशियाई स्पर्धा हुकली, टोकियोत २०२ किलोंसह रौप्य मिळाले आणि २०२४ मध्ये पॅरिसला १९९ किलो उचलूनही कांस्यपदक एका किलोने गेले. इतक्या मोठ्या खेळाडूचा आलेखसुद्धा असा वर-खाली होतो, मग तुमचा सरळ वर का जावा?

सासूबाईंचे शब्द बोचरे आहेत आणि ‘बाईमाणसाला’ हा भाग मला मुळीच मान्य नाही. तरीही, अंथरुणाला खिळलेली सून त्यांनी डोळ्यांनी पाहिली आहे, हे विसरू नका. डॉक्टरांनी काय सांगितले ते त्यांना एकदा शांतपणे सांगा. त्यापुढे वाद घालू नका.

जुने व्हिडिओ रात्री पाहणे तूर्त बंद करा. रडू, झोप न लागणे, कशातच मन न रमणे हे दोन आठवड्यांहून अधिक काळ, शाळेत आणि घरातही चालू राहिले, तर प्रश्न केवळ व्यायामाचा राहिलेला नाही असे समजून समुपदेशकांना भेटा, किंवा टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मोफत बोला.

राहिला सोडण्याचा प्रश्न. तो निर्णय वाईट सरावाच्या रात्री घेऊ नका. नव्या वहीची काही पाने भरू द्या, तोवर स्पर्धेचा अर्ज भरू नका, आणि मग स्वतःला विचारा की पदक नसते, व्हिडिओ नसते, तरी तुम्ही व्यायामशाळेत गेला असता का. उत्तर मनापासून ‘नाही’ असे आले, तर खुशाल सोडा. त्यात कमकुवतपणा नाही.

तुमची,
ताई