डिझेल फोर-बाय-फोर : घेण्यापूर्वी आणि घेतल्यानंतर

डिझेल फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद मिळणाऱ्या, गाड्यांविषयीच्या पत्रांत तोच गोंधळ पुन्हा पुन्हा दिसतो आणि त्याचा उगम बहुधा शोरूममधल्या एखाद्या विधानात असतो. म्हणून काही प्रश्नांना येथे एकत्र उत्तरे देत आहे.

प्रश्न : जिम्नी डिझेलमध्ये येणार असे ऐकले. थांबावे का? (सातारा)

उत्तर : थांबू नये. एप्रिल २०२० मध्ये धुराविषयीचे बीएस-६ निकष लागू झाले तेव्हाच जिम्नी बनवणाऱ्या मारुती सुझुकीने डिझेल इंजिने बंद केली.

प्रश्न : दगडधोंड्यांच्या चढावर डिझेलच हवे, हे खरे का? (नाशिक)

उत्तर : पूर्वीइतके आता नाही. महिंद्रा थारचे २.२ लिटर डिझेल इंजिन ३०० न्यूटन-मीटर टॉर्क (चाके फिरवणारी ओढ) देते आणि तिचे टर्बो पेट्रोल इंजिनही मॅन्युअल गिअरबॉक्ससह तेवढाच देते. त्यामुळे डिझेलच्या ओढीचा युक्तिवाद १३४ न्यूटन-मीटरच्या, टर्बो नसलेल्या जिम्नीसमोर टिकतो, थार पेट्रोलसमोर नाही. डिझेलचा खरा फायदा असा की लो रेंजमध्ये (अवघड वाटेसाठीच्या अतिसंथ गिअरमध्ये) तासन्‌तास रांगतानाही ते कमी जळते, आणि पंप दूर असला की हे जाणवते. अर्थात निवडीला वावही फारसा नाही, कारण फोर्सची गुरखा केवळ डिझेलमध्ये मिळते आणि थार रॉक्सची फोर-बाय-फोरही डिझेलमध्येच. शक्य असेल तर दोन्ही गाड्या चढावर चालवून, अनुभवी चालकाशी बोलून मगच ठरवावे.

प्रश्न : थार १.५ डिझेल बरीच स्वस्त आहे आणि विक्रेता म्हणतो, ‘ऑफ-रोडला हीसुद्धा चालेल.’ (कोल्हापूर)

उत्तर : स्वस्ताईमागे कर आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाडीवर १८ टक्के जीएसटी आहे, २.२ लिटरवर मात्र ४० टक्के. परंतु १.५ लिटरची थार फक्त मागच्या चाकांवर चालते, आणि एवढेच नेमके विक्रेते हळू आवाजात सांगतात.

प्रश्न : पुण्यात घर ते ऑफिस सहा किलोमीटर, महिन्यातून एखादी ट्रेल. डीपीएफचा दिवा सारखा लागतो; गॅरेजवाला ‘काढून टाकू’ म्हणतो. (पुणे)

उत्तर : मुळीच काढू नका; आणि हा विचार गाडी घेण्यापूर्वी व्हायला हवा होता. डीपीएफ ही एक्झॉस्टमधली गाळणी काजळी अडवते आणि साचलेली काजळी जाळायला साधारण ६०० अंश सेल्सिअस तापमान लागते. सिग्नलमागून सिग्नल घेत सहा किलोमीटर जाणारे इंजिन पुरते तापतही नाही, काजळी जाळण्याची ही क्रिया (रिजनरेशन) अर्धवट राहते, त्यासाठी जादा फवारलेले डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरू लागते आणि डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसते, जे अनेकांना शुभलक्षण वाटते! पातळ झालेले ऑइल टर्बोच्या बेअरिंगचा घात करते. तुमची ट्रेलही येथे उपयोगाची नाही, कारण तेथे वेगच नसतो. हायवेवर स्थिर वेगाने सलग अर्धा तास धावणे हे या गाळणीचे पथ्य आहे आणि नेमकी सूचना गाडीच्या मॅन्युअलमध्ये असते. गाळणी कापून पोकळ नळी बसवणे आणि ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाला, खोटी माहिती पुरवणे, हा जो धंदा सध्या फोफावला आहे, तो बेकायदा आहे, त्याने वॉरंटी धोक्यात येते, आणि धूर शेवटी तुमच्याच शहरात राहतो. बाटलीतल्या जादुई क्लीनरवरही पैसे घालवू नका. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये फोर्स्ड रिजनरेशन करून घ्या, ऑइल बदला, आणि वापर असाच राहणार असेल तर पेट्रोल गाडी घेण्याविषयी तेथील तंत्रज्ञाशी मोकळेपणाने बोला.

प्रश्न : दहा वर्षांनी डिझेल गाडी भंगारात जाते का? (ठाणे)

उत्तर : महाराष्ट्रात नाही, दहा वर्षांचे बंधन दिल्ली परिसराचे आहे. येथे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नूतनीकरणाला येते. हरित कर किती ते आरटीओत विचारावे.

प्रश्न : ताम्हिणीकडे ओढा ओलांडला. स्नॉर्केल असल्याने काळजी नव्हती, पण आठवड्यापासून मागून घरघर येते आहे. (मुळशी)

उत्तर : मग आठवडाभर कशाची वाट पाहत आहात? स्नॉर्केल केवळ इंजिनाच्या हवेची वाट उंचावर नेते. डिफरन्शियल (चाकांना ताकद वाटून देणारा गिअरसंच), अॅक्सल ब्रीदर (अॅक्सलमधली हवा बाहेर सोडणारी वाट) आणि वायरिंग पाण्यातच असतात. डिफरन्शियलचे ऑइल दुधाळ दिसले तर आत पाणी शिरले आहे. गाडी चालवत नेऊ नका. टो करून आजच मेकॅनिककडे न्या.