तीन वह्या नकोत, एक गाव धर

स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला पर्यावरण, मानवी हक्क, सामाजिक विकास अशा तीन वेगळ्या वह्या करू नकोस. त्याऐवजी गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) हे एकच गाव घे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाने मिळून जंगल वापरण्याचा आणि सांभाळण्याचा हक्क मिळाला, तरी बांबूवरून वनखात्याशी घोडं अडलंच. खातं बांबूला झाड धरायचं, कायदा मात्र त्याला गौण वनोपज, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणारं उत्पादन म्हणतो. शेवटी २०११ मध्ये बांबू बाहेर नेण्यासाठी लागणाऱ्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक थेट ग्रामसभेच्या हाती आलं. जंगल, हक्क आणि रोजगार, सगळं इथे एकत्र दिसतं. चालू घडामोडींच्या मासिकातले आकडे घोकत बसू नकोस, ते दरवर्षी बदलतात. कायदा जेमतेम १४ कलमांचा आहे, आधी तो वाच. मग वनहक्काची बातमी आली, की कात्रणाशेजारी कलम लिही आणि ग्रामसभेची संमती घेतली होती का, हेही शोध.